साहेब पक्षी पाहतात

हिवाळा लागला की परमुलखात असलेल्या आपल्या अधिकारीवर्गात एक नवीच लगबग दिसू लागते. पूर्वी रविवारी पत्त्यांचा डाव रंगे. आता पहाटे पाचला जीप दाराशी उभी राहते आणि हातभर लांबीची भिंगे पोटाशी धरून मंडळी पक्षी टिपावयास निघतात. छंदाविषयी आम्हांस तक्रार नाही. फायलींतून उठून माणूस दोन तास पाणथळीच्या काठी उभा राहिला, तर ते त्याच्या प्रकृतीला आणि त्याच्या खात्यालाही हितकारकच आहे. आमची तक्रार आहे ती हा छंद ज्या थाटाने चालतो, त्या थाटाविषयी.

भरतपूरच्या केवलादेव घना उद्यानात जुन्या शिकारींचा हिशेब कोरलेले शिलाफलक आहेत. १२ नोव्हेंबर १९३८ या एका दिवशी, व्हाइसरॉय लॉर्ड लिनलिथगो यांच्या शिकारीत, ४,२७३ पक्षी मारले गेले. तो आकडा वाचून आपली मंडळी हळहळतात, फलकाचे छायाचित्र घेतात आणि पुढे जातात. त्या शिकारीची रीत मात्र आपल्यात किती शिल्लक आहे, हे कोणी पाहत नाही. तेव्हा साहेबांच्या बंदुकीपुढे पक्षी हाकून आणीत. आज साहेबांच्या भिंगापुढे ते उडवून देतात. गेल्या आश्विनात एका तळ्याकाठी आम्ही हे डोळ्यांनी पाहिले. बाभळीवर चित्रबलाकांची घरटी होती. पाहुण्यांना पंख पसरलेला पक्षी हवा होता, आणि पक्षी स्वस्थ बसले होते. शेवटी बरोबरच्या वनरक्षकाला गुडघाभर पाण्यात उतरून टाळ्या वाजवाव्या लागल्या. त्याच्या चेहऱ्यावरचा संकोच आम्हांला दिसला. ज्यांच्यासाठी तो पाण्यात उतरला, त्यांना दिसला नसावा.

चित्रबलाक भर उन्हात घरट्यावर पंख उघडून उभा राहतो, तो शोभेसाठी नव्हे. उघड्या अंगाच्या पिलांवर तो सावली धरतो. पक्षी उठला की पिले तापतात, आणि अंडी असली तर कावळ्याला आमंत्रणाची गरज नसते. ध्वनिमुद्रित शीळ वाजवून पक्ष्याला जवळ बोलावण्याची युक्तीही आता सर्रास झाली आहे. विणीच्या दिवसांत तो बिचारा नसलेल्या प्रतिस्पर्ध्याशी भांडावयास धावतो आणि घरटे तेवढा वेळ उघडे पडते.

आमचे वाचक कलमांचा अर्थ लावण्यात मुरलेले आहेत. त्यांनी १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यातील ‘शिकार’ या शब्दाची व्याख्या एकदा काढून पाहावी. वन्य पक्ष्यांची अंडी वा घरटी यांना उपद्रव देणे हे त्या व्याख्येत स्वच्छ येते. वन्य प्राण्याला हाकणे आणि आमिष दाखवणे हेही येते. तेथे बंदुकीची अट नाही, आणि हुद्द्याप्रमाणे सूटही नाही.

यावर कोणी म्हणेल की छायाचित्रांमुळेच लोकांत पक्ष्यांविषयी ममता उत्पन्न होते आणि अभ्यासकांना नोंदी मिळतात. हे खरे आहे. पण ज्या चित्राखाली स्थळ, तिथी, वेळ यांपैकी काही नसते आणि भिंगाची किंमत मात्र बोलण्यात तीनदा येते, त्याने कोणत्या अभ्यासकाचे भले होणार? मारुती चितमपल्लीही अधिकारीच होते, वनखात्यातले. २०२५ साली ते निवर्तले. नोकरीच्या मुलखातील माणसांकडून त्यांनी पाखरांची नावे आणि सवयी विचारून घेतल्या आणि मराठीला ‘पक्षिकोश’ दिला. आपण जेथे आहोत तेथील कोळी, गुराखी पाखरांना काय म्हणतात, हे आपल्यापैकी किती जणांनी विचारले? घनामध्ये रिक्षा चालवणारे लोक पक्षी नावानिशी ओळखून दाखवतात. त्यांच्या रिक्षात तीन तास बसावे आणि गप्प राहावे. कमळपक्ष्याची मादी अंडी घालून मोकळी होते, नर ती उबवतो आणि पिलांना पंखाखाली घेऊन कमळपानांवर हिंडतो. हे घाईघाईने येणाऱ्या जीपला कधीच दिसत नाही.

आणि पक्ष्यांना साहेबांकडून खरोखर काही हवे असेल, तर ते भिंग नव्हे, सही. २००४ साली शेतकऱ्यांच्या विरोधामुळे पांचना धरणाचे पाणी घनाला मिळाले नाही. तळी आटली, वीण बुडाली, आणि पुढे गोवर्धन नाल्यातून पाणी आणण्याची योजना करावी लागली. शेतकऱ्याची तहान खोटी नव्हती, पाखरांचीही नव्हती. असा तंटा सुटतो तो कचेऱ्यांत, बैठकांत, टिपणांत, म्हणजे जेथे आमचे वाचक आठवड्याचे पाच दिवस बसतात तेथे. पाणथळीच्या भरावाचा कागद सोमवारी मुकाट्याने पुढे सरकवावयाचा आणि रविवारी तेथल्याच बगळ्यासाठी उसासे टाकावयाचे, ही रसिकता आम्हांस समजत नाही.

आमच्यापुरते आम्ही ठरवले आहे. या अंकासाठी आलेल्या छायाचित्रांपैकी निम्मी घरट्यांची होती. ती छापलेली नाहीत, आणि यापुढेही अशी आली तर, पाठवणाऱ्याचा हुद्दा कोणताही असो, साभार परत जातील.