एकादशीचा रोज



कार्तिकी एकादशी येते तेव्हा आपल्या यवतमाळ जिल्ह्यात पऱ्हाटी पांढरी झालेली असते. राळेगाव, कळंब, घाटंजी, पांढरकवडा, कुठल्याही रस्त्याने जा, वावरात वाकलेल्या बाया दिसतात. कमरेला ओटी बांधलेली, बोटांना बोंडाच्या टोकांचे ओरखडे. त्याच दिवशी गावच्या देवळात पहाटे काकडा होतो, सायंकाळी हरिपाठ, रात्री कीर्तन. त्या कीर्तनाला कोण कोण बसले आहे ते एकदा नीट बघा. वावराचा मालक असतो. कृषी केंद्रवाला असतो. गुरुजी असतात. वेचणारी बाई नसते. तिने देवळाची वाट धरली तर तिचा रोज बुडतो, आणि रात्री तिच्या पाठीत बसण्याइतकेही बळ उरलेले नसते. उपास मात्र तिने सोडलेला नसतो. तो ती वावरातच करते.

हा लेख त्या बुडणाऱ्या रोजाविषयी आहे. काही माउलींना तो झोंबेल. झोंबावा म्हणूनच लिहितो आहे, कारण हे दुखणे दूरच्या कुठल्या शेठसावकाराचे नाही. ते आपल्या माळकरी घरांतले आहे.

मजुराने तास मोजायला सुरुवात केली की आपल्यापैकी पुष्कळांच्या तोंडी एक वाक्य येते: काम हीच पूजा. मागोमाग सावता महाराजांचे उदाहरण येते. सावतोबांना मळ्यातच विठ्ठल भेटला, मग तुला कशाला हवी सुट्टी? ऐकायला हे गोड आहे. पण जरा थांबून विचारा, अरणचा तो मळा कुणाचा होता? सावतोबा आपल्या मळ्यात राबत होते. कधी वाकायचे, कधी पाठ टेकायची, कधी टाळी वाजवायची हे ठरवणारे तेच होते. त्यांच्या कामाची पूजा झाली, कारण ते काम आणि तो वेळ दोन्ही त्यांच्या हातात होते. ज्या बाईचा वेळ दुसऱ्याच्या हातात आहे, तिला सावतोबांचा दाखला देणे म्हणजे संताच्या नावाने तिच्याकडून जादा काम काढून घेणे होय. याला परमार्थ म्हणता येणार नाही.

आपल्या संतांच्या कथा नीट आठवा. जनाबाईंची कथा तर लहान मुलालाही ठाऊक आहे. दळण सरत नव्हते, तेव्हा देव आला आणि जात्याच्या खुंट्याला हात घालून बसला. तो जनीच्या मागे उभा राहून पायल्या मोजत बसला नाही. सेना महाराजांची कथा पाहा. राजवाड्यातून हजामतीचे बोलावणे आले तेव्हा ते पूजेत होते. देवाने त्यांची पूजा मोडली नाही. धोकटी उचलून तो स्वतः त्यांच्या जागी कामाला गेला. आज ज्याला आपण बदली कामगार म्हणतो, तेच काम त्या दिवशी पांडुरंगाने केले. तुकोबांनी आपल्या वाट्याची कर्जखते इंद्रायणीत सोडली, म्हणजे गरिबाकडून येणे असलेलेही सोडून दिले. या सगळ्या कथांत एक गोष्ट सारखी आहे. देव आणि संत कष्टकऱ्याच्या पाठीवरचे ओझे उतरवतात. ओझे वाढवून वर त्यालाच भक्ती म्हणणारा देव आमच्या संप्रदायात कुठे सापडत नाही.

पायी वारीही हेच शिकवते. माउलींची पालखी आळंदीहून निघते आणि सुमारे अडीचशे किलोमीटर चालून पंढरीला पोचते. पण त्या वाटेवर सकाळचा विसावा आहे, दुपारचे जेवण आहे, रात्रीचा मुक्काम आहे. पुण्याला आणि सासवडला जादा मुक्काम आहे. कोणत्या दिवशी किती चालायचे आणि कुठे थांबायचे हे आधीच ठरलेले असते. म्हणून तर म्हातारी माणसे तिथवर पोचतात. देवाच्या भेटीची एवढी ओढ असूनही ज्या संप्रदायाने विसावा सोडला नाही, त्या संप्रदायातल्या माणसाने कापसाच्या वावरात विसावा नाकारावा, हे कोणत्या तोंडाने?

आता पोळ्याकडे वळू. पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी आपण खांदेमळणी करतो. जुवाखाली घट्टे पडलेल्या बैलाच्या खांद्याला हळद आणि लोणी चोळतो, दुसऱ्या दिवशी त्याच्या मानेवर जू ठेवत नाही. हा आपल्या जिल्ह्याचा मोठा सण आहे आणि त्यामागची भावना खरी आहे. पण बैलाला आंघोळ घालणारा, सजवणारा, तोरणाखाली उभा करणारा कोण असतो? सालदार. गुढीपाडव्याला त्याचे साल ठरते. त्या दिवशी वर्षाचे पैसे आणि धान्य ठरते, तास मात्र ठरत नाहीत. पहाटे शेणगोठा, दिवसभर वावर, रात्री जागल. बैलाच्या सुट्टीच्या दिवशी त्याचे काम उलट वाढते. बैलाचा खांदा मळणाऱ्या घरात सालदाराच्या खांद्याची चौकशी होत नसेल, तर त्या सणाचा अर्थ आपल्याला अर्धाच कळला आहे.

कुणी म्हणेल, वेचणी किलोवर असते, बाई आपल्या मर्जीने जास्त वेळ थांबते, तिच्यावर सक्ती कोण करतो? माउली, पहिल्या वेचणीत बोंडे भरलेली असतात, ओटी लवकर भरते. तिसऱ्या-चौथ्या वेचणीत आणि फरदडीत कापूस विरळ होतो. दर तोच ठेवला, तर तेवढ्याच पैशासाठी तिला कितीतरी जास्त वेळ वाकून राहावे लागते. घरी चूल पेटवायची आहे, म्हणून ती थांबते. ही तिची मर्जी म्हणायची का?

मोजावर मजुरी आणि तासाला अंत नाही, या जोडीने काय होते ते आपल्या जिल्ह्याने डोळ्यांनी पाहिले आहे. २०१७ च्या पावसाळ्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन यवतमाळ जिल्ह्यात वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले आणि शेकडो जणांना दवाखान्यात दाखल करावे लागले. कारणे अनेक होती: जहाल औषधे, त्यांची मनमानी मिश्रणे, डोक्याएवढी वाढलेली पऱ्हाटी, तोंडाला मास्क नाही, हाताला मोजे नाहीत. पण त्यांत आणखी एक गोष्ट होती, तिच्याविषयी आपण फार बोललो नाही. भाड्याने फवारणी करणाऱ्याची मजुरी बहुधा पंपामागे ठरते. डोके गरगरले म्हणून तो बांधावर बसला, की कमाई थांबली. म्हणून तो बसत नाही. थांबण्याची सोय ज्याच्या मजुरीत नाही, त्याला विष अंगात भिनले तरी थांबता येत नाही. त्या वर्षी ज्या गावांत माणसे गेली, त्या गावांतही पुढे सप्ताह झाले असतील, काल्याची कीर्तने झाली असतील. फवारणीच्या मजुरीची रीत किती गावांनी बदलली?

विसाव्याचा दिवस मागणे ही परकी खोड आहे, असेही काही जण म्हणतात. त्यांनी नारायण मेघाजी लोखंडे यांचे नाव ऐकलेले नसावे. जोतीराव फुल्यांच्या या सहकाऱ्याने १८८४ मध्ये मुंबईत गिरणी कामगारांची सभा भरवली आणि साडेपाच हजार कामगारांच्या सह्यांचा अर्ज पुढे केला. मागण्या साध्या होत्या: रविवारी सुट्टी, दुपारी अर्धा तास विश्रांती, कामाच्या वेळेला मर्यादा, पगार वेळेवर, आणि कामावर इजा झाली तर भरपाई. रविवार हा खंडोबाचा वार, तो कामगाराला देवासाठी मिळाला पाहिजे, अशीही त्यांची मांडणी सांगितली जाते. सहा वर्षे झगडल्यावर १० जून १८९० रोजी गिरणीमालकांनी रविवारची सुट्टी मान्य केली. आज शाळेपासून बँकेपर्यंत ज्या रविवारी आपण घरी असतो, त्या रविवारामागे मराठी कामगारांची ही लढाई आहे. देवाचा दिवस आणि कष्टकऱ्याचा दिवस एकच आहे, हे त्यांनी ओळखले होते.

आणि आज वारे उलट वाहते आहे. २०२५ च्या सप्टेंबरात राज्याच्या मंत्रिमंडळाने कारखान्यांतल्या दिवसाच्या कामाची मर्यादा ९ तासांवरून १२ तास, आणि दुकाने-आस्थापनांतली ९ वरून १० तास करण्यास मंजुरी दिली. आठवड्याची ४८ तासांची मर्यादा कायम आहे, जादा कामाला दुप्पट मोबदला आहे, कामगाराची लेखी संमती हवी, असे त्यात सांगितले आहे. कागदावर ते ठीक दिसते. पण यवतमाळ, पुसद, वणीच्या बाजारपेठेत कापडाच्या दुकानात उभी राहणारी पोरगी मालकासमोर ‘माझी संमती नाही’ असे लिहून देईल, असे तुम्हाला वाटते का? आणि शेतमजूर बाईच्या तासांकडे तर कुणाचे लक्षही नाही. तिच्यासाठी किमान वेतनाचा कायदा १९४८ मध्ये झाला, पण तिचा दिवस कधी संपतो हे विचारणारे कुणी नाही.

इथे शेतकरी माउली मला अडवतील, आणि त्यांचा हक्कच आहे. म्हणतील, कापसाला भाव नाही, खत-बियाण्याचे पैसे फिटत नाहीत, बोंडअळीने अर्धे नेले, वेचाई वाढवायची कुठून? हे दुःख खरे आहे. या जिल्ह्यातल्या किती घरांत कर्त्या माणसाच्या तसबिरीला हार आहे हे मी तुम्हाला सांगायला नको. पण न्याय एकाच्या बाजूने अर्धा करून चालत नाही. सरकार कापसाचा हमीभाव ठरवते तेव्हा खर्चाच्या हिशेबात मजुरी धरते, आणि घरच्या माणसांच्या श्रमाचीही किंमत धरते. तो हिशेब अपुरा आहे असे म्हणून आपण मोर्चे काढतो, ते योग्यच आहे. मग आपल्या श्रमाची किंमत मिळत नाही म्हणून रस्त्यावर उतरणाऱ्याने दुसऱ्याच्या श्रमाची किंमत कापावी का? बाजाराने मारलेला घाटा रांगेत सर्वांत शेवटी उभ्या असलेल्या बाईकडून वसूल करायचा, ही रीत वारकऱ्याला शोभत नाही. भावासाठी दोघांनी मिळून भांडावे. तीही येईल मोर्चाला. पण मोर्चाच्या दिवशी तिचा रोज बुडणार नाही, एवढे आधी पाहा.

आता घरात येऊ. २०१९ साली देशभर वेळेच्या वापराची सरकारी पाहणी झाली. घरकाम करणाऱ्या बाया त्यावर दिवसाला सरासरी २९९ मिनिटे घालवतात आणि घरकाम करणारे पुरुष ९७ मिनिटे, असे तिच्यात दिसले. म्हणजे वावरातून परतलेल्या बाईपुढे अजून एक पाळी उभी असते, आणि तिला रोज नाही. आपण हातपाय धुऊन हरिपाठाला जातो. आपल्या घरची ती भाकरी थापत असते, कारण हरिपाठ सुटल्यावर आपल्याला भूक लागणार असते. जनाबाईंच्या अभंगांवर डोळे पुसणाऱ्या पुरुषाने घरचे जाते कधी ओढले, हे त्याने स्वतःलाच विचारावे. आता जाते नसेल तर पाणी आहे, भांडी आहेत, चूल आहे. देवाला जे करताना कमीपणा वाटला नाही, ते करताना आपल्याला का वाटावा?

नुसती टीका करून लेख संपवणे बरे नाही, म्हणून आपल्या हातात असलेल्या गोष्टी सांगतो. यांतल्या एकीसाठीही सरकारची वाट पाहावी लागत नाही.

कापूस दव सुकल्यावर वेचलेला चांगला असतो हे प्रत्येक शेतकरी जाणतो. मग बायांना पहाटेच वावरात कशाला बोलावता? दव सुकल्यावर सुरुवात, दुपारी सावलीत तासभर विसावा, आणि दिवस मावळायच्या आत काटा. वजन तिच्या डोळ्यांसमोर, आणि पैसे बाजाराच्या दिवसाच्या पुढे ढकलायचे नाहीत. बोंड विरळ झाले की किलोचा दर वाढवायचा, नाहीतर रोजावर वेचायचे. फवारणी पंपावर द्यायचीच नाही. ती दिवसाच्या रोजावर, ठरलेल्या तासांत, पूर्ण साहित्य देऊनच करायची. पाडव्याला सालदाराचे साल ठरवताना पैशांबरोबर तास आणि सुट्ट्याही ठरवायच्या. बाजारपेठेतल्या माळकरी दुकानदाराने कायदा दहा तास म्हणतो म्हणून दहा तास उभे ठेवायचे नाही, बसायला स्टूल द्यायचे आणि आठवड्याची सुट्टी पगारासह द्यायची.

आणि शेवटची गोष्ट, जिच्यासाठी हा लेख लिहिला. महिन्यात दोन एकादश्या येतात. निदान आषाढी आणि कार्तिकीच्या दिवशी सालदाराला आणि रोजच्या बायांना सुट्टी द्या, आणि त्या दिवसाचा रोज द्या. देवळाला पंगतीचे दान देता, कळसाला वर्गणी देता, दिंडीला चहा देता. तसाच हा एक रोज एकादशीच्या खर्चात धरा. पण तो देताना दान म्हणून देऊ नका. वर्षभर ज्या तासांचे पैसे आपण दिले नाहीत, त्यातलाच हा थोडासा परतावा आहे, एवढे मनाशी ठेवा.

ज्या गावात कार्तिकीच्या कीर्तनाला वेचणारी बाई पुढे येऊन बसेल आणि दुसऱ्या दिवशी तिच्या चुलीला काही कमी पडणार नाही, त्या गावात पंढरी यायला फार वेळ लागणार नाही. ते गाव तुमचे असावे, माउली. येत्या कार्तिकीआधी आपल्या भजनी मंडळात हा विषय एकदा काढा. वाद होईल, होऊ द्या.

रामकृष्ण हरी.