एका फाइलला एकच मालक

दोन पॅकेजांत एकाच फाइलवरून भांडण लागलं की फार डोकं खपवू नये, जबरदस्तीने ओव्हरराइट करावं आणि पुढच्या कामाला लागावं, अशी शिकवण सर्व्हर सांभाळणाऱ्या नव्या मुलांना सर्रास दिली जाते. ती देणारे एक अनुभवी गृहस्थ माझ्या परिचयाचे आहेत. त्यांचं नाव घेण्याचं कारण नाही. हे मत त्यांच्या एकट्याचं असतं तर मी लेखणी उचललीच नसती. पण ज्येष्ठांच्या तोंडून आलेला आळशी सल्ला नवशिक्यांना अनुभवाचं सार वाटतो, आणि तिथून पुढे तो हटवणं कठीण होतं. म्हणून हा खटाटोप.

आधी त्यांचा पक्ष मांडतो. ते म्हणतात, नेटवर्कच्या स्क्रिप्ट म्हणजे दहावीस ओळींचा मजकूर. दोन पॅकेजांनी त्या आणल्या तरी मूळ एकच असल्याने मजकूरही बहुधा सारखाच. मग डेबियनवर डीपीकेजी ‘ही फाइल दुसऱ्या पॅकेजातही आहे’ म्हणून अडून बसतं, रेड हॅटकडे आरपीएम तीच तक्रार करतं, ती कशाला मनावर घ्यायची? डीपीकेजीला फोर्स-ओव्हरराइट आहे, आरपीएमला रिप्लेसफाइल्स आहे, आर्चच्या पॅकमनला ओव्हरराइट आहे. पर्याय दिलेत ते वापरण्यासाठीच. शिवाय आता कंटेनरचा जमाना आहे. या जुन्या कटकटी आपोआप मरतील.

शेवटचा मुद्दा आधी निकालात काढतो: कंटेनर ज्या यंत्रावर चालतात त्या यंत्राला नेटवर्क लागतंच, आणि ते उभं करणारी कुठली तरी फाइल तिथे असतेच. पर्याय दिलेत म्हणून वापरावेत, हा युक्तिवाद तर उत्तर देण्याच्याही लायकीचा नाही. सिस्टीम आधीच मोडलेली असेल तेव्हा हाताशी असावेत म्हणून ते पर्याय आहेत, चांगली चालणारी मोडण्यासाठी नव्हेत.

खरा मुद्दा उरतो तो ‘मजकूर सारखाच तर आहे’ हा. सगळी अनर्थाची मुळं इथे आहेत, म्हणून इथे सविस्तर बोलतो.

एक उदाहरण जवळून पाहू. क्यूईएमयूने व्हर्च्युअल मशीन सुरू करताना तिच्यासाठी टॅप नावाचा आभासी नेटवर्क इंटरफेस तयार होतो. तो यंत्रावरच्या ब्रिजला जोडण्याचं काम क्यूईएमयू-इफअप ही छोटी स्क्रिप्ट करते. समजा, अशी स्क्रिप्ट ‘अ’ आणि ‘ब’ ही दोन पॅकेजं एकाच जागी, एकाच नावाने बसवू पाहतात. आज दोन्हींतला मजकूर अक्षरशः एक आहे. तुम्ही जबरदस्ती केली, काही बिघडलं नाही, तुम्ही खूश. उद्या ‘अ’च्या मेंटेनरने जुनी बीआरसीटीएल कमांड काढून तिथे आयपी कमांड घातली आणि त्याबरोबर ब्रिज-युटिल्स या पॅकेजावरचं अवलंबित्वही काढून टाकलं. त्याच्या बाजूने हे अगदी रास्त आहे. ‘ब’ मात्र अजून बीआरसीटीएलच वापरतं. आता डिस्कवर कोणाची स्क्रिप्ट राहणार? जे पॅकेज शेवटी बसलं त्याची. आणि ‘ब’ची स्क्रिप्ट राहिली, मग कोणीतरी ‘ब’ काढायचं ठरवलं, तर? ‘ब’बरोबर स्क्रिप्टही जाते. ‘अ’ इन्स्टॉल केलेलं आहे, पॅकेज मॅनेजरच्या वहीत सगळं आलबेल आहे, आणि ‘अ’ची स्क्रिप्टच जागेवर नाही. पुढच्या वेळी मशीन सुरू करताना क्यूईएमयू सांगतं की नेटवर्क स्क्रिप्ट चालवता आली नाही, आणि थांबतं. ते ऐकणारा माणूस वेगळा असतो, जबरदस्ती करणारा केव्हाच दुसऱ्या कामाला लागलेला असतो.

ही माझ्या कल्पनेतली भीती नाही. डेबियनच्या धोरण-पुस्तिकेत नेमकी हीच परिस्थिती रंगवून सांगितली आहे. एका पॅकेजाने दुसऱ्याची फाइल ताब्यात घ्यायची असेल तर नुसतं ‘रिप्लेसेस’ लिहून भागत नाही, जोडीला ‘ब्रेक्स’ही लिहावं, असं ती सांगते. कारण नवं पॅकेज बसवून परत काढलं तर घेतलेली फाइल त्याच्याबरोबर जाते आणि मूळ पॅकेज अपंग होऊन उभं राहतं. रीतसर घोषणा करून फाइल घेतली तरी ही काळजी घ्यावी लागते. मग एकही घोषणा न करता, कमांडच्या जोरावर घेतलेल्या फाइलची काय कथा!

इथे आमचे गृहस्थ आरपीएमचा दाखला देतात. दोन पॅकेजांतली फाइल मजकूर, परवानग्या आणि मालकासकट तंतोतंत सारखी असेल तर आरपीएम तक्रार करत नाही, दोघांनाही ती वाटून घेऊ देतं, आणि शेवटचं पॅकेज निघेपर्यंत ती पुसत नाही. हे खरं आहे. पण हा दाखला त्यांच्याच विरुद्ध जातो. आरपीएम सवलत देतं ती तपासून, तंतोतंत साम्य पाहून. साम्य मोडलं की तक्रार ताबडतोब येते. म्हणजे ज्या क्षणी आरपीएम अडवतं, त्या क्षणी ‘फाइल सारखीच आहे’ हा दावा खोटा ठरलेला असतो! आणि रिप्लेसफाइल्स वापरलंत की जुन्या पॅकेजाची ती फाइल ‘बदलली गेली’ अशी नोंद होते. पुढे पडताळणी केली तर आरपीएम त्या जागी काहीतरी फाइल आहे एवढंच पाहू शकतं, ती बरोबर आहे का हे नाही. पहारेकऱ्याचे डोळे आपणच बांधले आणि वर तो काही पाहत नाही म्हणून त्यालाच नावं ठेवली.

डेबियनमध्येही एकाच यंत्रावर एका पॅकेजाच्या दोन आर्किटेक्चरच्या प्रती नांदतात आणि सामाईक फाइल वाटून घेतात. पण त्यांची आवृत्ती एकच असावी लागते. साम्य टिकवायचं तर दोघांनी पावलाला पाऊल लावून चालावं लागतं, हे ज्यांनी ही यंत्रणा रचली त्यांनी ओळखलं होतं. स्वतंत्र मेंटेनरांची दोन पॅकेजं तशी चालतील या भरवशावर सर्व्हर सोडणं हा बेजबाबदारपणा आहे.

नेटवर्कच्या स्क्रिप्टबाबत हा बेजबाबदारपणा दुप्पट महाग पडतो. इंटरफेस आधीच चालू असतो, म्हणून तो चालू करणारी इफअप बिघडली तरी त्या घडीला काहीच कळत नाही. कळतं रीबूटनंतर, जेव्हा यंत्र शेकडो मैलांवरच्या डेटा सेंटरमध्ये असतं आणि आत शिरण्याचा एसएसएच हा रस्ताच बंद झालेला असतो. वेब सर्व्हरची फाइल चुकली तर आत जाऊन दुरुस्त करता येते. इथे आत जायचं दारच चुकलेलं असतं.

या निमित्ताने एक जुना वाद पुन्हा आठवतो. सबिन आणि यूएसआर-सबिन हे दोन फोल्डर एक करण्यावरून वर्षानुवर्षं रणं माजली. एक बाजू म्हणे, नुसती सिमलिंक तर टाकायची आहे, एवढा कांगावा कशासाठी? कांगाव्याला कारण होतं. डीपीकेजी पत्ते पाहतं. सबिनमधली इफअप आणि यूएसआर-सबिनमधली इफअप हे त्याच्या लेखी दोन वेगळे पत्ते, डिस्कवर मात्र फाइल एकच. त्यामुळे जिथे भांडण ओळखायला हवं तिथे ते ओळखलंच जात नव्हतं, आणि एका पॅकेजातून दुसऱ्यात गेलेली फाइल मुकाट्याने नाहीशी होऊ शकत होती. डेबियनला फाइलींच्या अशा स्थलांतरावर काही काळ बंदी घालावी लागली ती याचमुळे. ‘त्यात काय एवढं’ म्हणणाऱ्यांनी त्या वेळीही दुरुस्तीचं काम दुसऱ्यांच्या अंगावर टाकलं होतं, आजही तेच करत आहेत.

मग करावं काय? एका गटाच्या सातबाऱ्यावर दोघांनी मालकी सांगितली तर आधी कागद पाहतात, तसंच इथेही आधी फाइल कोणाची ते विचारावं: डेबियनवर डीपीकेजी-एस, रेड हॅटकडे आरपीएम-क्यूएफ. उत्तर मिळालं की वाट ठरते.

दोन पॅकेजं एकच काम वेगळ्या रीतीने करत असतील तर एकाने दुसऱ्याची जागा घेतो असं उघड सांगावं. डेबियनचं इफअपडाउन2 तसंच करतं. ते मूळ इफअपडाउनशी ‘कॉन्फ्लिक्ट्स’ सांगतं आणि त्याचं काम आपण पुरवतो हेही सांगतं. दोन्ही शेजारी ठेवायची असतील तर अल्टरनेटिव्ह्ज आहे. रेड हॅटच्या आठव्या आवृत्तीत इफअप या एकाच नावामागे जुनी नेटवर्क-स्क्रिप्ट्स आणि नेटवर्कमॅनेजर अशा दोन वाटा त्याच मार्गाने नांदल्या. कोणती चालू आहे हे तिथे विचारता येतं, बदलता येतं.

स्क्रिप्ट खरोखर सामाईक असेल तर तिचं वेगळं कॉमन पॅकेज करावं. क्यूईएमयूच्या बाबतीत डेबियनने हेच केलं. क्यूईएमयू-इफअप आणि इफडाउन या स्क्रिप्ट क्यूईएमयू-सिस्टीम-कॉमनमध्ये आहेत, आणि एक्स86, आर्म वगैरेंची पॅकेजं त्याच्यावर अवलंबून राहतात. प्रत्येक पॅकेजाला इंटरफेस चालू होताना आपापलं काम करायचं असेल, तर इफ-अप-डी या फोल्डरात आपल्या नावाची वेगळी फाइल टाकावी. फक्त नावात टिंब नको, नाहीतर या फोल्डरातल्या फाइली चालवणारं रन-पार्ट्स ती मुकाट्याने वगळतं. आणि एखाद्या यंत्रापुरतीच अडचण असेल तर डीपीकेजी-डायव्हर्ट वापरावं, म्हणजे बाजूला सारलेल्या फाइलची नोंद राहते.

या सगळ्याला जबरदस्तीपेक्षा वेळ जास्त लागतो, हे मान्य. दोन्ही मेंटेनरांना कळवावं लागतं, उत्तराची वाट पाहावी लागते, कधी एक जुनी आवृत्ती धरून थांबावं लागतं. पण हा वेळ एकदाच आणि उजेडात जातो. जबरदस्तीत वाचवलेला वेळ दुसऱ्या कोणाच्या तरी रात्रीतून वसूल होतो, आणि त्या माणसाला आपण कशाची किंमत मोजतोय हेही समजत नाही. म्हणून नव्या मुलांना माझं कळकळीचं सांगणं आहे: डीपीकेजी किंवा आरपीएम अडवेल तेव्हा थांबा, मालक शोधा, दोघांनाही कळवा. आणि कोणी ज्येष्ठ ‘फोर्स कर’ म्हणाला, तर त्यालाच विचारा की ही फाइल आता कोणाची. त्याला ते सांगता आलं नाही, तर कमांड चालवू नका.