धावण्याची सावड



सावड म्हणजे काय, हे तुम्हाला मी सांगायला नको. आज तुमच्या रानात भांगलण, उद्या शेजारणीच्या. एकटीच्या हातून जे काम आठवडाभर उरकत नाही, ते सावडीने दोन दिवसांत हातावेगळे होते. आता कोणी म्हणाले की धावण्याचीही अशी सावड असते आणि तिच्यात लेकुरवाळ्या बाया उतरतात, तर तुम्हाला हसू येईल. पण अशी सावड आहे, आणि तिच्यापासून आपल्या घरांनी घेण्यासारखेही काही आहे.

अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर ऑरेगन नावाचे राज्य आहे. तिथल्या माउंट हूड ह्या बर्फाच्या डोंगरावरून निघायचे आणि समुद्रकाठच्या सीसाईड गावी पोचायचे, अशी एक शर्यत ऑगस्टअखेर भरते. नाव हूड टू कोस्ट. 1982 साली बॉब फूट ह्या गृहस्थांनी ती सुरू केली, तेव्हा अवघे 8 संघ होते. पुढे ती संख्या हजारावर गेली. अंतर जवळजवळ 320 किलोमीटर. पुण्याहून सोलापूरमार्गे तुळजापूर गाठून वर थोडे चालावे, एवढे!

हे अंतर एकाने धावायचे नसते. संघात 12 जण आणि वाटेचे टप्पे 36. म्हणजे प्रत्येकाच्या वाट्याला 3 टप्पे येतात. कोणता पाचसहा किलोमीटरचा, कोणता दहाबारा किलोमीटरचा. संघाच्या दोन गाड्या असतात, एकेकीत सहा जण. एका गाडीतले सहा जण पाळीपाळीने धावतात, तेव्हा दुसऱ्या गाडीतले खातात, आडवे होतात, डुलकी काढतात. टप्पा संपला की मनगटावरची पट्टी पुढच्याच्या हाती द्यायची. रात्रीही शर्यत थांबत नाही. कपाळावर दिवा आणि अंगात चकाकणारे जाकीट घालून अंधारात धावायचे. आपल्याकडे रात्रीच्या विजेला दारे धरणाऱ्यांना हे वेगळे समजावून सांगायला नको.

ही रीत जुनी आहे. जपानात 1917 साली क्योटो ते टोकियो अशी सुमारे 500 किलोमीटरची टप्प्यांची शर्यत तीन दिवस चालली. तिथे खांद्यावरून घेतलेला कापडी पट्टा एकाने दुसऱ्याच्या हाती द्यायचा असतो. आपल्याकडेही डाक नेणारे हरकारे टप्प्याटप्प्याने धावत. आजही नवरात्रात गावोगावची पोरे तुळजापूरहून ज्योत आणतात. एक जण मशाल घेऊन धावतो, बाकीचे मागून टेम्पोत. शिवजयंतीला गडावरून ज्योत येते तीही अशीच. म्हणजे सावड आपल्या ओळखीचीच आहे. फक्त तिच्यात घरची आई फारशी दिसत नाही.

आईला ही शर्यत का जमते?

एकटीने 42 किलोमीटरची मॅरेथॉन धावायची तर तयारीसाठी कधीकधी तीनचार तास घराबाहेर राहावे लागते. दोन दुभती जनावरे आणि शाळेची पोरे असलेल्या बाईला एवढा वेळ कुठला? टप्प्याच्या शर्यतीची तयारी बहुतेक दिवशी तासाभरात होते. दुसरी गोष्ट मनाची. स्वतःसाठी पहाटे उठायचे म्हटले की आईला वाटते, राहू दे आजच्या दिवस. पण आपल्यावाचून अकरा जणींचे अडणार आहे हे कळले की ती उठते. दुसऱ्यासाठी उठण्याची सवय तिला आहेच.

बाईच्या अंगाला लांबचे धावणे सोसत नाही, ही समजूत मात्र चुकीची. 1928 च्या ऑलिंपिकमध्ये स्त्रियांची 800 मीटरची शर्यत झाली आणि त्या दमल्या म्हणून पुढे 1960 पर्यंत ती बंद ठेवली. स्त्रियांची मॅरेथॉन सुरू व्हायला 1984 साल उजाडले. आणि आपल्या दुष्काळी माण तालुक्यातल्या मोही गावची लेक ललिता बाबर 2016 साली रिओ ऑलिंपिकमध्ये अडथळ्यांच्या 3000 मीटर शर्यतीची अंतिम फेरी धावली, दहावी आली. ती शेतकऱ्याच्याच घरची.

अंगाची तयारी

पेरणीआधी माती तपासतो, तसे आधी रक्त तपासून घ्या. 2019 ते 2021 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या 15 ते 49 वयाच्या निम्म्याहून अधिक स्त्रियांच्या अंगी रक्त कमी आढळले. प्राथमिक आरोग्य केंद्रात हिमोग्लोबिन पाहता येते. ते 12 च्या खाली असेल तर डॉक्टरांना दाखवून आधी ते भरून काढा, मग धावा. पालेभाजी, मटकी, बाजरी खाताना वर लिंबू पिळा आणि जेवणाला लागून चहा घेऊ नका; चहाने अन्नातले लोह अंगी लागत नाही. बाळंतपणानंतर निदान तीन महिने धावू नये, आणि पुढेही डॉक्टरांना विचारूनच सुरुवात करावी.

आठवड्यातून तीन दिवस पुरेत. पहिल्या आठवड्यात पाच मिनिटे चाल, एक मिनिट धाव, असे अर्धा तास करा. पुढे धाव वाढवा, चाल कमी करा. धावताना शेजारणीशी दोन वाक्ये बोलता आली पाहिजेत. बोलता येत नसेल तर वेग जास्त झाला असे समजा. तीनचार महिन्यांत पाचसहा किलोमीटर होतात. मग एखाद्या दिवशी सकाळी थोडे आणि त्याच संध्याकाळी पुन्हा थोडे धावून पाहा. दमलेल्या पायांनी पुन्हा उठणे, हीच ह्या शर्यतीची खरी कसोटी. पैसे खर्चायचेच तर बुटांवर खर्चा. दोन टप्प्यांच्या मध्ये तुडुंब जेवू नका. केळे, गूळशेंगदाणे, दहीभात आणि मीठसाखर घातलेले लिंबूपाणी बरे. ओले कपडे लगेच बदला.

घरची पाळी

आता सगळ्यांत अवघड टप्पा. तो रस्त्यावर नसून घरात आहे. आई दोन दिवस बाहेर गेली तर धार कोण काढणार, डबा कोण करणार, सासूबाईंच्या गोळ्या कोण देणार? पुष्कळ आया ह्या विचारानेच जायचे सोडून देतात.

ह्यालाही सावडच लावा. आईच्या हातून दिवसभरात होणारी कामे एका कागदावर लिहा. यादी लांब होईल, होऊ द्या. घरच्यांनी ती एकदा वाचली तरी पुष्कळ काम झाले. मग प्रत्येक कामापुढे एकेकाचे नाव घाला. ‘सगळे मिळून बघतील’ असे लिहू नका; सगळ्यांचे काम ते कोणाचेच नसते. आणि आई घरी असतानाच आठवडाभर आधी कामे हाती द्या. गाय हात ओळखते. एकाएकी नवा हात लागला की ती पान्हा चोरते. ज्याने धार काढायची त्याने आठ दिवस आधीपासून तिच्याजवळ बसावे. चुलीचे आणि पोरांचेही तसेच आहे.

कारभाऱ्यांना एक सांगतो. ही बायकोला केलेली मदत समजू नका, ही तुमची पाळी समजा. पाण्याची पाळी आली की आपण शेजाऱ्यावर उपकार म्हणून बांधावर जात नाही. आणि आयांनो, तुम्हीही एक पथ्य पाळा. पट्टी हाती दिल्यावर तो धावपटू पुढच्याच्या मागे धावत नाही. तसे एकदा काम सोपवले की तासातासाला फोन करून आमटीत मीठ घातले का, हे विचारू नका. मीठ कमी पडले तर लागेल तसे घालून घेतील!

ऑरेगन दूर आहे, पण तालुक्याचे गाव दूर नाही. सुगी उरकली की गावातल्या बारा जणी मिळून 24 किलोमीटर वाटून घ्या. दोनदोन किलोमीटर वाट्याला येतात. पहाट फुटल्यावर निघा, वाहनांच्या समोरच्या बाजूने धावा, मागे एक गाडी आणि पाण्याची घागर ठेवा, ग्रामपंचायतीला व पोलीस ठाण्याला आधी कळवा. हाती द्यायला काठी नसली तर लाटणे चालेल. आणि त्या सकाळी घरी धारेला कोण बसणार, त्याचे नाव आजच कागदावर घाला.