बाकावर कुणी बसायचं नाही

दहा वर्षांखालच्या मुलांचा सामना असेल तर आलेल्या प्रत्येक मुलाला पूर्ण सामना खेळायला मिळाला पाहिजे. आयर्लंडमधल्या गॅलिक फुटबॉलच्या मैदानावर हा नियम मी पाळला जाताना पाहिला. तेव्हापासून मुलांच्या खेळाबद्दल कुणी काही विचारलं की मी आधी याच नियमाबद्दल बोलते.

माझी बहीण डब्लिनच्या पश्चिमेकडच्या एका उपनगरात राहते. तिची मुलगी घराजवळच्या क्लबात गॅलिक फुटबॉल खेळते. मे महिन्यातल्या एका शनिवारी तिच्या क्लबात 'ब्लिट्झ' होतं. आजूबाजूच्या चार-पाच क्लबांची मुलं एका मैदानावर जमतात, सकाळभर छोटे छोटे सामने होतात आणि जेवणाच्या वेळेपर्यंत सगळे घरी जातात, असा हा प्रकार. मोठ्यांचं एक मैदान आडवं कापून त्याची तीन-चार छोटी मैदानं केलेली असतात. हद्द दाखवायला प्लॅस्टिकचे रंगीत शंकू मांडलेले असतात. कुणाचा तरी बाबा हलके गोलपोस्ट ओढून जागेवर लावतो, कुणाची तरी आई यादी हातात घेऊन बिब वाटते, आणि एक आजोबा फक्त गाड्या कुठे लावायच्या ते सांगत उभे असतात. यातल्या कुणालाही पैसे मिळत नाहीत.

खेळ आपल्याकडे कुणी फारसा पाहिलेला नाही, म्हणून थोडं सांगते. चेंडू हातातही घेता येतो आणि पायानंही मारता येतो. हातात घेऊन चार पावलांपेक्षा जास्त पळायचं नाही. पुढे जायचं तर चेंडू एकदा जमिनीवर आपटायचा किंवा पायाच्या चवड्यावर टाकून परत हातात उडवायचा. या दुसऱ्या कसरतीला 'सोलो' म्हणतात. लागोपाठ दोनदा आपटायला मनाई, त्यामुळे सोलो जमल्याशिवाय लांब पळता येत नाही. गोलपोस्ट इंग्रजी 'एच'च्या आकाराचा असतो. आडव्या दांड्याखालून चेंडू जाळ्यात गेला तर गोल, म्हणजे तीन गुण. दांड्यावरून गेला तर एक. पुरुषांच्या खेळात 2025 पासून 40 मीटरच्या कमानीबाहेरून मारलेल्या फटक्याला दोन गुण मिळू लागले आहेत. मुलग्यांना जमिनीवरचा चेंडू थेट हातानं उचलता येत नाही, त्याखाली पायाचा चवडा घालून तो वर घ्यावा लागतो. मुलींच्या खेळात मात्र तो थेट हातानं उचललेला चालतो.

आठ-नऊ वर्षांच्या मुलांना पळता पळता सोलो करताना बघणं हा मोठा आनंद आहे. चेंडू दहापैकी सहा वेळा भलतीकडे जातो, मूल त्याच्यामागे धावतं आणि पुन्हा तेच करून बघतं. इथेच तो नियम कामाला येतो. नऊ-नऊचा सामना ठरला आणि एखाद्या क्लबाची चौदा मुलं आली, तर त्यांचे सात-सातचे दोन संघ करतात. राखीव खेळाडू ही गोष्टच ठेवत नाहीत. ज्या मुलाकडून चेंडू दर वेळी सुटतो, तोही सामना संपेपर्यंत मैदानात असतो. गॅलिक ॲथलेटिक असोसिएशननं, म्हणजे जीएएनं, लहानांच्या या खेळाला 'गो गेम्स' असं नाव दिलं आहे. मैदानं छोटी, संघ छोटे, चेंडू हलका, गुणफलक नाही, अंतिम सामना नाही, चषक नाही. निकाल कुठे छापूनही येत नाहीत. शिट्टी पुष्कळदा क्लबातल्याच पंधरा-सोळा वर्षांच्या मुलाच्या हातात असते. पंच घडवण्याची ही त्यांची सुरुवात.

या धोरणावर तिथेही टीका होते. मुलं मनातल्या मनात गुण मोजतातच, मग मोठ्यांनी हे नाटक का करायचं, असा प्रश्न तिथल्या वर्तमानपत्रांत आणि रेडिओवर पुन्हा पुन्हा येतो. मुलं मोजतात हे खरंच आहे. माझ्या भाचीला त्या दिवशीचे सगळे आकडे पाठ होते. पण मुलांनी मोजणं आणि मोठ्यांनी मोजणं यात माझ्या मते फार मोठा फरक आहे. मूल मोजतं, हरलं तर दहा मिनिटं रुसतं आणि बिस्किट मिळालं की विसरतं. मोठे मोजायला लागले की प्रशिक्षक सगळ्यात दणकट मुलाला मधोमध उभं करतो आणि सगळ्यात बुजऱ्या मुलीला कोपऱ्यात. चषक असला की बाक आलाच. बाकावर बसलेलं मूल पुढच्या वर्षी येत नाही, आणि कोणतं मूल पुढे चांगलं खेळेल हे नवव्या वर्षी कुणालाच कळत नसतं.

ईर्षाच नाही तर मोठे खेळाडू कसे होणार, अशी शंका घेणाऱ्यांनी या संघटनेचा दुसऱ्या टोकाचा दिवसही बघावा. जुलैमध्ये डब्लिनच्या क्रोक पार्कवर ऑल-आयर्लंड अंतिम सामना होतो. 82,300 माणसांचं ते स्टेडियम त्या दिवशी गच्च भरतं. मैदानावरच्या तीस जणांना खेळाचा पगार मिळत नाही. कुणी शाळामास्तर असतो, कुणी शेतकरी, कुणी बँकेत. अंतिम सामना खेळलेला माणूस काही दिवसांनी आपल्या क्लबाच्या मैदानावर लहानांना सोलो शिकवताना दिसतो, आणि त्यात कुणाला नवल वाटत नाही. खेळाडू आपल्या क्लबाचा असतो आणि सहसा जन्मभर त्याच क्लबाचा राहतो. चर्चच्या पॅरिशवरून म्हणजे गाव-वस्तीवरून क्लब ठरतो, क्लबावरून काउंटीचा म्हणजे जिल्ह्याचा संघ.

ही घडी आज बसलेली नाही. 1 नोव्हेंबर 1884 रोजी टिपररीतल्या थर्ल्स गावात हेज हॉटेलमध्ये काही मोजकी माणसं जमली आणि मायकेल क्युसॅक या शिक्षकाच्या पुढाकारानं ही संघटना उभी राहिली. ब्रिटिश राज्यात आपले खेळ मरू नयेत हा हेतू होता. 21 नोव्हेंबर 1920 ला क्रोक पार्कवर डब्लिन आणि टिपररी यांचा सामना चालू असताना ब्रिटिश सुरक्षा दलांनी गोळीबार केला. त्यात 14 जणांचा जीव गेला. टिपररीचा खेळाडू मायकेल होगन त्यांपैकी एक. तिथल्या एका स्टँडला आजही त्याचं नाव आहे. अशा इतिहासातून आलेली संघटना बाहेरच्यांबद्दल कडक असणं समजण्यासारखं होतं. रग्बी, सॉकर, हॉकी, क्रिकेट हे 'परके' खेळ खेळणाऱ्या सभासदांवर बंदी होती आणि ती 1971 पर्यंत टिकली. आज त्याच संघटनेच्या मैदानावर सकाळी गॅलिक खेळून दुपारी क्रिकेटच्या सरावाला जाणारी भारतीय मुलं आहेत. 31 जुलै 2020 रोजी कोविडमुळे मशिदींत गर्दी करता येत नव्हती, तेव्हा ईदची नमाज क्रोक पार्कच्या हिरवळीवर झाली. पाकिस्तानात जन्मलेला आणि रॉसकॉमनमधल्या बॅलाहाडरीन गावात वाढलेला शैरोझ अक्रम 2016 मध्ये मेयोच्या 21 वर्षांखालच्या ऑल-आयर्लंड विजेत्या संघात होता. संघटना बदलते ती अशी, आणि ती लहान मुलांच्या मैदानापासून बदलते असं मला वाटतं.

आता आपल्या माणसांबद्दल. 2022 च्या जनगणनेनुसार आयर्लंडमध्ये 45 हजारांहून अधिक भारतीय नागरिक राहत होते. त्यात मराठी घरं बरीच आहेत. आयटी आणि औषध कंपन्यांत, रुग्णालयांत नोकऱ्या करणारी. 2017 मध्ये लिओ वराडकर पंतप्रधान झाले तेव्हा मालवण तालुक्यातलं वराड हे त्यांच्या वडिलांचं गाव महाराष्ट्रभर गाजलं. मला त्याचा आनंद झाला होता, अजूनही आहे. पण एखादा समाज परक्या देशात रुजला की नाही हे मी पंतप्रधानांच्या नावावरून ठरवणार नाही. ते शनिवारी सकाळी क्लबाच्या मैदानावर दिसतं. तिथल्या मराठी घरांचे शनिवार-रविवार मराठी शाळा, मंडळाचा कार्यक्रम, क्रिकेट आणि गणिताची शिकवणी यांत जातात. यातलं काहीही सोडावं असं मी म्हणणार नाही. क्रिकेटमध्ये मात्र मुलांना बहुतेक आपलीच मुलं भेटतात. गॅलिकच्या मैदानावर वर्गातली, गल्लीतली, समोरच्या घरातली मुलं भेटतात आणि त्यांचे आईवडील आपल्या शेजारी उभे असतात.

2025 च्या उन्हाळ्यात डब्लिन आणि आसपास भारतीयांवर हल्ले झाले. भारतीय दूतावासाला सावध राहण्याची सूचना काढावी लागली, ऑगस्टमधला 'इंडिया डे' पुढे ढकलला गेला. बहिणीनं त्या दिवसांत मुलीला एकटीला बसनं पाठवणं बंद केलं होतं. खेळामुळे हल्ले थांबतात असं म्हणणं खोटं ठरेल. गुन्हेगाराला पोलिसांनी पकडायचं असतं आणि सरकारनं त्याबद्दल जबाब द्यायचा असतो. पण तेव्हा बहिणीला पहिले फोन आले ते मुलीच्या संघातल्या आयांचे. सरावाला आम्ही नेतो, आम्हीच परत आणून सोडतो, असं त्यांनी सांगितलं आणि तसं केलं. ज्या बायकांशी मैदानाच्या कडेला पावसात उभं राहून चहा प्यायला होता, त्यांनीच हे केलं. परक्या देशात याहून मोठा आधार कोणता, मला माहीत नाही.

या व्यवस्थेत मला खुपतंही. बाराव्या वर्षानंतर गो गेम्सचं छत्र संपतं आणि मग बाक येतो. तेरा-चौदाव्या वर्षी मुली मोठ्या संख्येनं खेळ सोडतात, ही तिथल्या क्रीडासंघटनांचीही जुनी चिंता आहे. मुलींच्या गॅलिक फुटबॉलची संघटना 1974 पासून वेगळी आहे. त्यामुळे मुलग्यांच्याच गावात, त्यांच्याच जर्सीत खेळणाऱ्या मुलींना मैदानाची वेळ मागून घ्यावी लागते असं अनेकदा होतं. पुरुषांची संघटना, मुलींची संघटना आणि कॅमोगीची म्हणजे बायकांच्या हर्लिंगची संघटना या तिन्ही 2027 पर्यंत एक करायचं ठरलं आहे. ते वेळेत व्हावं. आणि 'फेल' या किशोरांच्या राष्ट्रीय स्पर्धेचं एक वैभव गेलं याची मला खरी खंत आहे. हर्लिंग या काठी-चेंडूच्या खेळाची फेल 1971 मध्ये सुरू झाली, फुटबॉलची 1982 मध्ये. दुसऱ्या काउंटीतून आलेल्या मुलांना यजमान क्लबातली कुटुंबं आपल्या घरी मुक्कामाला ठेवत. सामन्यात ज्याच्याशी भिडायचं त्याच्याच घरी रात्री जेवायचं, त्याच्याच खोलीत झोपायचं. मुक्कामाची ती प्रथा अलीकडे थांबली. मुलांच्या सुरक्षिततेची काळजी आणि खर्च ही कारणं मला पटतात, तरी काही वेगळी वाट काढून ती परत आणावी असं वाटतं.

तिथल्या मराठी आईवडिलांना माझं एक मागणं आहे. मुलाला मैदानावर सोडून गाडी वळवू नका. क्लबाला आठ-नऊ वर्षांच्या मुलांसाठी प्रशिक्षक कायम हवे असतात. आधी खेळलेलं असावं अशी अट नसते. पोलिसांकडून पार्श्वभूमीची तपासणी, मुलांच्या सुरक्षिततेचा छोटा वर्ग आणि प्रशिक्षकांचा पायाभूत अभ्यासक्रम एवढं पूर्ण केलं की शिट्टी आणि शंकू तुमच्या हाती येतात. आयांसाठी तर वेगळे गटच चालतात, कधीही चेंडूला पाय न लावलेल्या बायका तिथे संध्याकाळी खेळतात. माझ्या बहिणीनं या वर्षी त्यात नाव घातलं आहे. तिचा नवरा प्रशिक्षकांच्या अभ्यासक्रमाला बसतो आहे, आणि अजून त्याचा सोलो मुलीइतका सरळ जात नाही.