प्रेरणेची व्याख्याने

अभियांत्रिकीच्या पहिल्या वर्षाच्या मुलांना 'प्रेरणा' मिळावी म्हणून व्याख्याने ठेवण्याची प्रथा पडली आहे. परभणीसारख्या जिल्ह्यात तिचे हसू येते. इथल्या अनेक मुलांनी तिफण, वखर, कोळपे हाताळलेले असते. काळ्या मातीत फाळ किती खोल जातो हे त्यांना अंगाने कळते. आपण मात्र बल आणि घर्षण फळ्यावरच शिकवतो. कार्यशाळेत कानशीने लोखंडाचा तुकडा घासायला लावतो आणि शेवटी तो भंगारात टाकतो. ज्याचा कुणालाच उपयोग नाही, ते करण्याची उमेद यावी कुठून?

उत्तर नवे नाही. १८८२ साली जोतीराव फुल्यांनी हंटर आयोगापुढे प्राथमिक शिक्षणात शेतीचे ज्ञान मागितले. १९८३ साली डॉ. श्रीनाथ कलबागांनी पाबळला विज्ञान आश्रम काढला आणि गावाच्या गरजा भागवता भागवता शिकण्याची पद्धत रुजवली. परभणीच्या कृषी विद्यापीठाने तर बैलचलित अवजारे विकसित केली आहेत. अशा एखाद्या अवजाराची दुरुस्ती हाच पहिल्या सत्राचा धडा का नसावा?

'आधी सिद्धांत पक्का हवा', असे यावर म्हटले जाईल. पण प्रश्न पडल्यावाचून सिद्धांत पक्का होत नाही, नुसता पाठ होतो. आणि आपण साहित्याचे अध्यापकही निर्दोष नाही: कविता वाचू न देता तिचे रसग्रहण उतरवून देणारे आपणच. अनुभवाला दुय्यम लेखणारी ही दृष्टी आपली आहे. तिचे खापर विद्यार्थ्यांच्या आळसावर फोडणे आता पुरे.