समान संधी रुग्णशय्येपर्यंत पोहोचेल काय?

नांदेड येथील डॉ. शंकरराव चव्हाण शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात 2023 सालच्या सप्टेंबरअखेरीस व ऑक्टोबरच्या आरंभी अवघ्या 48 तासांत 31 रुग्ण दगावले. त्यांपैकी 16 बालके होती. मुंबई उच्च न्यायालयाने या घटनेची स्वतःहून दखल घेतली. औषधांचा तुटवडा, रिक्त पदे, खाटांहून अधिक रुग्ण यांची पुष्कळ चर्चा झाली. अनेक रुग्ण अन्य रुग्णालयांतून अत्यवस्थ स्थितीत आणले गेले होते, असा खुलासाही शासनाच्या बाजूने करण्यात आला. हा खुलासा खरा मानला, तर तो बचाव नव्हे, कबुलीच ठरते.

गर्भवतीची जोखीम प्राथमिक आरोग्य केंद्राने ओळखावी, अवघड प्रसूती ग्रामीण वा उपजिल्हा रुग्णालयाने सांभाळावी आणि त्यापलीकडचे रुग्णच महाविद्यालयाकडे जावेत, अशी मूळ योजना आहे. सपाट प्रदेशात 30 हजार व आदिवासी भागात 20 हजार लोकसंख्येमागे एक केंद्र, हे प्रमाणही ठरलेले आहे. परंतु केंद्राची इमारत म्हणजे आरोग्यसेवा नव्हे. खालची पायरी ढासळली की तिचा खर्च रुग्णावर पडतो. किनवटहून नांदेडला येणाऱ्या कुटुंबाला शंभराहून अधिक किलोमीटरचे गाडीभाडे, बुडालेली मजुरी आणि नातेवाइकांचा मुक्काम सोसावा लागतो. कोणत्याही अंदाजपत्रकात न दिसणारा हा करच आहे, आणि तो गरिबाला अधिक जाचतो.

शासनाने काहीच केले नाही, असे म्हणणे अन्यायाचे होईल. राजीव गांधी जीवनदायी योजना 2012 साली प्रथम ज्या आठ जिल्ह्यांत सुरू झाली, त्यांत नांदेड होते. पुढे तिला महात्मा फुले यांचे नाव मिळाले आणि दीड लाखांचे संरक्षण पाच लाखांवर नेण्याचा निर्णय 2023 मध्ये झाला. तथापि विमा रुग्णालयाचे बिल भागवतो; रुग्णालय उभारीत नाही. त्याच वर्षी 15 ऑगस्टपासून सार्वजनिक आरोग्य विभागाच्या संस्थांत उपचार निःशुल्क झाले, पण वैद्यकीय शिक्षण विभागाची रुग्णालये त्या निर्णयातून वगळली गेली. आजारी माणसाला खात्यांच्या या सीमा कशा कळाव्यात?

जेथे आरोग्यसेवेची गरज अधिक तेथेच ती कमी, असा विषम नियम ट्यूडर हार्ट या वेल्समधील डॉक्टरांनी 1971 साली मांडला. मराठवाड्यात त्याचा प्रत्यय येतो. वैद्यकीय प्रवेशाच्या स्पर्धेत लातूर पॅटर्नचा दबदबा आहे. प्रवेशातील 70:30 चे प्रादेशिक सूत्र अन्यायकारक आहे, अशी मराठवाड्याची तक्रार होती. ते सूत्र 2020 साली रद्द झाले. परीक्षेतील समान संधीसाठी एवढी जागरूकता दाखविणाऱ्या समाजाने देवणी-जळकोटच्या रुग्णाच्या संधीबद्दल मात्र उदासीन राहावे, हे नवलच.

दांडेकर समितीने 1984 साली जिल्हावार अनुशेष मोजला. आता मोजमाप तालुकावार व्हावे आणि दरवर्षी प्रसिद्ध व्हावे : किती पदे भरलेली, किती खाटा चालू, नवजात अतिदक्षता कक्ष किती अंतरावर. निधीचे वाटप त्या आकड्यांवरून व्हावे. राज्यांनी अंदाजपत्रकाच्या आठ टक्क्यांहून अधिक खर्च आरोग्यावर करावा, हे 2017 च्या राष्ट्रीय धोरणाचे उद्दिष्ट आहेच. पण वाढलेला पैसाही शहरातच थांबला, तर विषमता कायम राहील. जन्मलेल्या बालकाचे आयुष्य त्याच्या गावापासून जिल्ह्याच्या ठिकाणापर्यंतच्या अंतरावर अवलंबून असेल, तोवर संविधानातील संधीची समानता कागदावरच राहील.