वेठबिगारीचा पुरावा मजुराकडे का मागता? तो मालकाच्या वहीत आहे!

दिवाळी सरली की शहापूर, मुरबाडच्या अनेक कातकरी वाड्या ओस पडू लागतात. लग्न, आजारपण किंवा पावसाळ्यातल्या उपासमारीसाठी घेतलेली ‘उचल’ फेडायला कुटुंबं वीटभट्टीवर जातात. आठवड्याला थोडी खर्ची मिळते, हिशेब हंगामाच्या शेवटी होतो. तो मालकाच्या वहीत असतो आणि अनेकदा पैसे अंगावरच निघतात. मग पुढचं वर्षही त्याच भट्टीवर!

कायदा काय सांगतो?

वेठबिगार पद्धत निर्मूलन कायदा १९७६ चा. उचल घेऊन काम सोडण्याचं किंवा दुसरीकडे जाण्याचं स्वातंत्र्य गमावणं, किमान वेतनापेक्षा कमी पैशांत राबणं, ही वेठबिगारीच. साखळदंड असायलाच हवेत असं नाही. कलम १५ तर स्पष्ट आहे: हे कर्ज वेठबिगारीचं नाही, हे सिद्ध करण्याची जबाबदारी मालकाची.

मग अडतं कुठे?

‘लेखी काही आहे का?’ या पहिल्याच प्रश्नावर. अंगठा देणाऱ्याकडे कागद कुठून येणार? विवेक पंडित यांच्या श्रमजीवी संघटनेने ठाणे जिल्ह्यात १९८० च्या दशकापासून हाच लढा दिला.

१७८७ मध्ये थॉमस क्लार्कसन गुलामांच्या व्यापाराविरुद्ध पुरावे शोधत इंग्लंडच्या ब्रिस्टल बंदरात गेला. त्याने जहाजांच्या हजेरीनोंदी तपासल्या, खलाशांना बोलतं केलं. लिव्हरपूलच्या दुकानातून बेड्या विकत घेतल्या. व्यापाऱ्यांचेच कागद त्यांच्याविरुद्ध बोलले. १८०७ मध्ये ब्रिटनने हा व्यापार कायद्याने बंद केला.

काय व्हायला हवं?

तक्रार येताच प्रशासनाने भट्टीवर जावं, वही ताब्यात घ्यावी, मालक आणि मुकादमाला दूर ठेवून प्रत्येकाचा जबाब घ्यावा. उचल किती, विटा किती, हातात किती आले, गावी जाऊ दिलं का? एवढे चार प्रश्नही पुरेसं सांगतात.

घाई का? कारण मुक्ती प्रमाणपत्राशिवाय पुनर्वसन नाही. केंद्राच्या योजनेत तातडीची मदत ३० हजार रुपयांपर्यंत आहे. पुरुषाला १ लाख, महिला व मुलांना २ लाखांची तरतूद आहे, पण ही रक्कम दोषसिद्धीशी जोडलेली आहे. पंचनामा कच्चा, तर खटला कच्चा आणि मदतही अडकली.

तुम्ही काय करू शकता?

असा प्रकार दिसला तर मजुरांचे व्हिडिओ व्हायरल करू नका. मालक सावध होतो. ठिकाण आणि तारीख टिपून तहसीलदार किंवा जिल्हाधिकारी कार्यालयाला कळवा. मुलं राबत असतील तर १०९८ वर फोन करा.